केसवाल्याच्या चौकीत

पोलिसांच्या मालिका बघायच्या असतील तर पोलिसाशेजारी बसून बघू नयेत, हे मी अनुभवानं सांगते. माझ्या शेजारी तर अख्खे फौजदार बसायचे. माझेच. नोकरीत असेपर्यंत हा माणूस कधी वेळेवर घरी आला नाही, आणि निवृत्त झाल्यावर मात्र दर शुक्रवारी संध्याकाळी मालिकेचं गाणं सुरू व्हायच्या आत सोफ्यावर हजर. हातात चहाचा कप, नाकावर चष्मा, आणि नजर अशी की समोर टीव्ही नाही, संशयित बसलाय.

मालिका होती एका चौकीतल्या तरुण अधिकाऱ्याची. त्याचं मालिकेतलं नाव काही का असेना, आमच्या घरात तो केसवाला. भिंतीवरून उडी मारो, नाल्यात पडो, दोन-दोन गुंडांशी झोंबाझोंबी करो, त्याच्या डोक्यावरचा कोंबडा काही जागचा हलायचा नाही. आधी यालाच आत घ्या आणि केसांना काय लावतो ते कबूल करून घ्या, असं हे म्हणायचे. हे म्हणजे आमचे फौजदार. इतकी वर्षं 'हे' म्हणत आले, आता दुसरं काही जिभेवर येत नाही.

चुका तर विचारूच नका. कुणाच्या घरात शिरले की दिवा म्हणून लावायचे नाहीत, टॉर्च घेऊन चाचपडत बसायचे. हे ओरडायचे, अरे ठोंब्या, शेजारी बटण आहे, दाब की. डॉक्टर प्रेताकडे नुसती नजर टाकणार आणि मरणाची वेळ मिनिटासकट सांगून मोकळा होणार. पिस्तुलातून गोळ्या सुटतच राहणार, जशा काही आत कुणी बसून भरतंय. केसवाला पुराव्याची सुरी उघड्या हातानं उचलून अगदी नाकापर्यंत नेणार. आणि कुणीही, कधीही, काहीही लिहून घेणार नाही. याचा यांना फार राग. अर्धी नोकरी लिहिण्यात गेलेली, बोटाला पेनाचा घट्टा पडलेला. यांना वाटायचं, हा केसवाला फुकटचा पगार खातोय.

या झाल्या कामातल्या चुका. त्याखेरीज एका तुकड्याला दुसरा जोडण्यातल्या वेगळ्याच. केसवाल्याच्या हातातला चहा अर्धा झालेला, कॅमेरा त्याच्या साहेबाकडे जाऊन परत येतो तर कप काठोकाठ भरलेला. साक्षीदाराच्या कपाळावरची पट्टी आता डावीकडे, मग उजवीकडे. भिजून चिंब झालेला चोर चार पावलांत कोरडा ठणठणीत. हे बोट रोखायचे आणि म्हणायचे, "चूक!" असं म्हणायचे की चोराची गचांडी धरलीय. मी वैतागून जायची. अहो, खून कुणी केला ते तरी कळू द्या मला, म्हणायची. त्यावर यांचं उत्तर ठरलेलं, खून कुणी केला ते या मूर्खांना कधी कळणार नाही, मग तुला कुठून कळणार?

एकदा मात्र ते खरोखर चिडले. मुलगी घरी आली नाही म्हणून एक आई चौकीत येते, आणि केसवाला तिला सांगतो, चोवीस तास थांबा, तोवर तक्रार घेता येत नाही. हे ताडकन उठून उभे राहिले. असला कुठला नियम नाही म्हणाले. अशी आई दारात आली की मी जेवणावरून उठून निघालोय, म्हणाले. ते खरंच होतं. किती ताटं झाकून ठेवलीत मी, मलाच ठाऊक.

मालिकेच्या शेवटी एक नंबर दाखवायचे, प्रेक्षकांनी प्रतिक्रिया कळवा म्हणून. जगात तो नंबर फिरवणारा एकच इसम असावा. दर शनिवारी सकाळी अंघोळ करून, जणू ड्युटीवर निघालेत अशा थाटात, हे फोन लावायचे आणि आदल्या दिवशीच्या चुका एकेक करून ऐकवायचे. पलीकडची बाई म्हणायची, नोंद घेतली काका. बस्स. एवढ्यावर स्वारी आठवडाभर खूश. मोबाइलमध्ये तो नंबर त्यांनी 'चुका' या नावानं साठवला होता. त्यांच्या मोबाइलमध्ये माझा नंबर 'घर' या नावानं आहे, म्हणजे माणसापेक्षा चुकांना जास्त मान.

मग एका सकाळी दाढी करता करता हे बेसिनपाशी खाली बसले ते उठेचनात. अर्धांगाचा झटका. आमची लेक ठकी दोन गल्ल्या पलीकडे राहते, ती धावत आली म्हणून वेळेवर दवाखान्यात पोचलो. पाय हळूहळू परत आला, हातही बऱ्यापैकी आला. बोलणं काही आलं नाही. डॉक्टर म्हणाले, त्यांना सगळं कळतं, पण शब्द सापडत नाहीत. सापडतील किंवा नाही सापडणार, आणि पहिले काही महिनेच काय ते महत्त्वाचे.

खरं सांगू? घर खायला उठलं. सगळा जन्म ज्या आवाजाला मी कंटाळले, त्या आवाजासाठी जीव टांगणीला लागला. भाषणं नको होती मला. हे कुठल्याही खोलीतून 'अगं' म्हणून हाक मारायचे. पुढे काही सांगायचं असेलच असं नाही. कधी चष्मा सापडत नाही म्हणून, कधी मी आहे की बाहेर गेलेय ते बघायला. ते एक 'अगं' मला परत हवं होतं. दुसरं काही मागितलं नाही मी कुणाकडे.

बोलणं शिकवायला एक बाई घरी यायच्या. गोड स्वभावाच्या, पण चित्रांचे पत्ते घेऊन यायच्या. कुत्रा, कंगवा, कपबशी. चित्र समोर धरायच्या आणि म्हणायच्या, काका, हे काय आहे? ज्या माणसानं आयुष्यभर दुसऱ्यांना प्रश्न विचारले त्याला कंगवा दाखवून 'हे काय आहे'! यांनी तोंड फिरवलं ते फिरवलंच. चांगले तोंडाला कुलूप लावून बसले. मी बाईंना म्हटलं, राग मानू नका, फौजदारांची उलटतपासणी घ्यायची सवय घरात कुणाला नाही. त्या हसल्या, आणि जाता जाता एक कामाची गोष्ट सांगून गेल्या. जे बोलायची यांना ओढ असेल, तेच आधी बाहेर येईल, त्याच्यासाठी वाट करून द्या.

टीव्ही मी झटक्यापासून बंदच ठेवला होता. एका शुक्रवारी ठकीनं लावला, तिच्या मनाला विरंगुळा म्हणून. केसवाला कुणाला तरी धरून आणत होता, त्या माणसाच्या मनगटाला बँडेज. दार उघडताना डाव्या, खुर्चीवर बसला तेव्हा उजव्या. मी भाजी निवडत होते, माझं लक्षही नव्हतं.

"चूक," हे म्हणाले.

शब्द फाटका आला, ओला आला, पण आला. ठकी आणि मी एकमेकींकडे बघतच राहिलो. मग मी त्या भाजीच्या पानांतच डोकं घालून रडले, आणि यांनी माझ्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही, कारण पुढच्या प्रसंगात केसवाल्याची टोपी गायब होती.

त्यानंतर शुक्रवार म्हणजे आमचा औषधाचा दिवस झाला. 'चूक' पक्का बसला. मग 'खोटं' आला, मग 'टोपी', मग 'बेडी'. एकदा चक्क 'बटण दाब' आले, दोन शब्द एकाला एक लागून. बोलण्याच्या बाईंनी पत्ते पिशवीत टाकले आणि म्हणाल्या, काकू, हीच मालिका चालू ठेवा. पण सगळं बोलणं टीव्हीशी. माझ्याशी एक शब्द नाही. मी ताट पुढे केलं तर मान हलवायची, उशी सरकवली तर डोळे मिटायचे. म्हटलं, असू दे, गाडी रुळावर तर आलीय, माझं स्टेशनही येईल.

आणि मग या मालिकावाल्यांना सुधारायची दुर्बुद्धी झाली.

एक शुक्रवार गेला, एकही चूक नाही. मला वाटलं, यांचा डोळा चुकला असेल. दुसरा गेला. केसवाल्यानं हातमोजे घातले. घरात शिरताच दिवा लावला. चहा जितका प्यायला तितकाच कपात कमी. डॉक्टर म्हणाला, नक्की वेळ आत्ता सांगता येणार नाही. आणि कहर म्हणजे एक हवालदार कोपऱ्यात बसून खाली मान घालून लिहीत होता! हे बघत राहिले, बघत राहिले, आणि मालिका संपल्यावर एक सुस्कारा सोडून आडवे झाले. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. इतकी वर्षं मनसोक्त चुका केल्यात, आणि आमच्या गरजेच्या वेळेलाच अक्कल आली?

जुने भाग लावून बघितले. यांनी हातानंच 'बंद कर' अशी खूण केली; एकदा धरलेला चोर पुन्हा काय धरायचा, असा चेहरा. दुसऱ्या वाहिन्यांवरच्या पोलिसांच्या मालिका लावल्या. त्यांत तर चुकांची खाणच होती, पण यांना त्यांच्याशी देणंघेणं नाही. परक्याच्या पोरांना कोण रागावतं? शेवटी मी घरातच चुका करून बघितल्या. दोन पायांत दोन वेगळ्या चपला घातल्या, भिंतीवरचं घड्याळ उलटं टांगलं. यांनी माझ्याकडे अशा काळजीनं पाहिलं की मला वाटलं, आता मलाच दवाखान्यात नेतील. आणि इकडे 'टोपी' गेला. 'बेडी'सुद्धा आठवून आठवून यायला लागला. आलेले शब्द परत जायला लागले होते.

माझा धीर सुटला. यांचा मोबाइल घेतला, 'चुका' काढला, आणि लावला फोन. मी काही बोलायच्या आतच पलीकडून एक बाई म्हणाल्या, "काका, कुठे होता हो इतके दिवस? आम्ही किती वाट बघितली."

मी म्हटलं काका नाहीत, काकू बोलतेय, आणि जे काही घडलं ते सगळं सांगून टाकलं. मग ती म्हणाली, तुम्ही इथे येऊ शकाल का?

बसच्या शेवटच्या थांब्याच्या पलीकडे एक जुनं गोदाम, त्यात त्यांचं सगळं चित्रीकरण चालायचं. यांच्याजवळ ठकीला बसवून मी गेले. कुठे म्हणून सांगितलं नाही. ती बाई दारातच उभी होती, ठकीच्याच वयाची, गळ्यात चष्मा, हातात मोबाइल. कामाचं नाव कंटिन्युइटी असलं काहीसं सांगितलं. माझ्या तोंडात तो शब्द बसेना, मी मनात तिला जुळणीवाली म्हणायला लागले. मालिका एका दमात चित्रित होत नाही म्हणे, तुकड्या-तुकड्यांनी होते, मधे माणसं जेवून येतात, कपडे बदलून येतात. एका तुकड्याशी दुसरा जुळतो का, हे डोळ्यांत तेल घालून बघायचं तिचं काम. प्रत्येक तुकड्याचा फोटो काढायचा, पुढच्या वेळी फोटो आणि माणूस ताडून बघायचा.

हे काम आधी इथे कुणी करत नव्हतं, म्हणाली. कुणी एक काका दर शनिवारी फोन करून अब्रू काढतात, म्हणून निर्माते कंटाळले आणि त्यांनी हिला आणून बसवलं. पहिल्या दिवशी हिच्या हातात काम काय दिलं, तर या काकांचे फोन तूच घ्यायचे आणि सांगतील ते सुधारायचं. दोन-चार शनिवार तिनं यांचा फोन घेतला, आणि मग फोनच बंद झाला. आधी चित्रित करून ठेवलेले भाग दाखवून संपेपर्यंत जुन्या चुका दिसत राहिल्या, एवढंच. म्हणजे बघा. ही सगळी सुधारणा आमच्याच फौजदारांची करणी. स्वतःच्या हातानं स्वतःचं औषध बंद करून बसलेला माणूस! मला हसावं की कपाळ बडवावं कळेना.

मी तिला सरळ म्हटलं, बाई गं, थोड्या चुका कर. आठवड्याला एखादी. कपात चहा थोडा कमी-जास्त, एवढीच.

ती फार अवघडली. माझा हात हातात घेऊन म्हणाली, काकू, दुसरं काहीही सांगा. चूक सुटली तर पहिलं बोट माझ्याकडे येतं, आणि ही नोकरी मला फार शोधून मिळालीय. तिचंही खरं होतं. पोटावर पाय दे असं मी कुठल्या तोंडानं सांगणार? मी शाल सावरली आणि निघाले.

निघताना वाट त्यांच्या चौकीतून होती. म्हणजे खोट्या चौकीतून. मागून पाहिलं तर नुसत्या प्लायवूडच्या फळ्या, पुढून भिंत. कोठडीचे गज प्लॅस्टिकच्या नळ्यांचे, काळा रंग मारलेले. आणि मधोमध टेबल. टेबलावर फोन, शाई सांडल्याचा डाग, बाजूला लाकडी बाक. माझा पाय तिथेच अडला.

मी कधी चौकी आतून पाहिली नव्हती. फौजदाराची बायको आणि चौकी पाहिली नाही, कुणाला सांगून खरं वाटणार नाही. पण यांचा नियमच होता तसा. घरच्या माणसानं चौकीत यायचं नाही. घरचं माणूस समोर आलं की हात ढिला पडतो, म्हणायचे. मी डबा घेऊन फाटकापर्यंत जायची, आतून कुणी शिपाई येऊन घेऊन जायचा, आणि मी मागे फिरायची. ठकी तापानं फणफणली होती तेव्हासुद्धा मी निरोप फाटकावरच दिला. हे लगेच बाहेर आले, तो भाग वेगळा. पण आत काही मी गेले नाही. माझा नवरा जन्मभर कुठल्या टेबलापाशी बसला, त्याच्या खिडकीतून काय दिसायचं, मला काही माहीत नाही. ते खोटं टेबल बघून माझे डोळे भरून आले. राग आला त्या माणसाचा, आणि मायाही आली, दोन्ही एकदम.

जुळणीवाली माझ्याकडे बघत होती. मग तिनं दिग्दर्शकाच्या कानात काहीतरी सांगितलं आणि परत आली. आज बाकावर बसायला एक आजी यायच्या होत्या, तक्रार द्यायला आलेली म्हातारी म्हणून, त्या आल्याच नाहीत. बोलायचं काही नाही, नुसतं बसायचं. बसता का काकू?

मी बसले. आणि बसल्या बसल्या माझ्या डोक्यात किडा वळवळला.

तोच प्रसंग त्यांनी पुन्हा पुन्हा केला. पुढे टेबलापाशी केसवाला कुणाला तरी दम देत होता (जवळून त्याचे केस खरंच दगडासारखे दिसतात), मागे बाकावर मी. कधी कॅमेरा इकडून, कधी तिकडून. एक तुकडा झाला, सगळे पाणी प्यायला पांगले, आणि मी माझा चष्मा काढून हळूच शालीखाली ठेवला. पुढच्या तुकड्याआधी जुळणीवाली मोबाइल घेऊन आली. फोटोकडे बघितलं. माझ्याकडे बघितलं. पुन्हा फोटोकडे. म्हटलं, आता ही 'काकू, चष्मा' म्हणणार. तिनं वाकून माझ्या शालीची घडी नीट केली, आणि काही न बोलता आपल्या खुर्चीवर जाऊन बसली.

परत येताना बसमध्ये मला फार अपराधी वाटत होतं, आणि तितकाच आनंदही होत होता. तिनं एवढं केलं, आता यांनी बघितलं म्हणजे मिळवली.

तो भाग लागायच्या शुक्रवारी मी सकाळपासून घरात नुसती येरझाऱ्या घालत होते. ठकीला तेवढं नंतर सांगितलं होतं. ती ऑफिसातून थेट आली आणि दाराशी उभी राहिली, पर्ससुद्धा खांद्यावरून काढली नाही. मी यांच्या शेजारी सोफ्यावर बसले. हे पाय पसरून, डोळे अर्धे मिटून. गेल्या काही आठवड्यांत मालिकेवरून मनच उडालं होतं त्यांचं. मी लावते म्हणून बघायचे.

प्रसंग आला. केसवाला टेबलावर मूठ आपटून बोलत होता, आणि त्याच्या खांद्यामागे बाकावर मी. चष्मा लावलेली. कॅमेरा फिरला, परत आला. मी, बिनचष्म्याची. मी श्वास धरून यांच्याकडे बघत होते. काही नाही. एक शब्द नाही. पुन्हा चष्मा आला, पुन्हा गेला. एवढी ढळढळीत चूक, आणि फौजदार गप्प.

मग हे पुढे झुकले. चांगला हात सोफ्याच्या दांडीवर टेकून, मान लांब करून टीव्हीकडे बघायला लागले. ओठ हलायला लागले. एकदा, दोनदा नुसताच वारा आला.

"अगं," हे म्हणाले.

मी जागची हललेसुद्धा नाही.

"अगं... तू... चौकीत कशाला आलीस?"

टीव्हीला विचारत होते. तोच जुना आवाज, मला बाहेरून यायला उशीर झाला की यायचा तसा, आधी रागावलेला आणि लगेच काळजीत पडलेला. "काय झालं?" असंही विचारलं. ठकीनं दारात तोंडावर हात धरला होता. माझ्या गालांवरून पाणी ओघळत होतं, आणि ते पुसायचं भानही मला नव्हतं.

"अहो," मी म्हटलं, "काही झालं नाही. मी इथे आहे."

यांनी वळून माझ्याकडे पाहिलं. मग टीव्हीकडे. तिथे बाकावर अजून मी बसलेलीच होते. पुन्हा माझ्याकडे. कपाळाला आठी पडली, ती नोकरीतली जुनी. एक बोट टीव्हीकडे गेलं, तिथून सावकाश माझ्याकडे आलं.

"चूक," हे म्हणाले. आणि अर्ध्या तोंडानं का होईना, पण हसले. इतके हसले की ठसका लागला, आणि मी पाणी आणायला उठले तर माझा पदर धरून ठेवला, उठूच देईनात.

दुसऱ्या दिवशी शनिवार. सकाळी अंघोळ झाल्यावर यांनी हात पुढे केला आणि मोबाइल मागितला. 'चुका' त्यांनी स्वतःच शोधला. त्यांनी फोन कानाला धरला, मी हाताला खालून आधार दिला. जुळणीवालीनंच उचलला. काका, बोला ना, असं तिनं म्हटलेलं मलाही ऐकू आलं.

हे ताठ बसले. घसा साफ केला.

"चष्मा," म्हणाले. "होता. मग... नाही."

म्हणजे तेही दिसलं होतं तर! आणि मला वाटलं, फौजदारांचा डोळा गेला. मी कपाळावर हात मारून घेतला. पलीकडे ती हसत होती की रडत होती कोण जाणे, म्हणाली, बरोबर आहे काका, आणखी काही?

यांनी माझ्याकडे पाहिलं. शब्द शोधायला वेळ लागला. मी घाई केली नाही.

"बाकावर... बाई," हे म्हणाले. "ती तुमची नाही. माझी आहे."

नोंद घेतली काका, असं ती म्हणाली. यांनी फोन ठेवला, मोबाइल माझ्या हातात दिला आणि सोफ्याला टेकून बसले. मी चहा टाकायला आत गेले. आधण उकळत होतं, साखरेचा डबा सापडत नव्हता, तेवढ्यात बाहेरून हाक आली, "अगं."

मी मुद्दाम लगेच ओ दिली नाही. म्हटलं, अजून एकदा म्हणू देत.